तांत्रिक अडचण म्हंजी काय, साहेब?

जून-जुलैत प्रवेशाचे दिवस आले की मी शिकवतो तिथे एक जुना वाद दरवर्षी नव्याने उकरला जातो. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात जनसंपर्क हा विषय ठेवायचा कशाला, आणि ठेवायचाच तर पोरांना नेमकं शिकवायचं काय? एक बाजू म्हणते, मराठवाड्याच्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवा, प्रेझेंटेशन करायला शिकवा, इन्स्टाग्रामवर पेज चालवायला शिकवा; नोकऱ्या पुण्या-मुंबईत आहेत आणि तिथे हेच विचारतात. दुसऱ्या बाजूला जुने पत्रकार आणि चळवळीतली माणसं. त्यांच्या मते जनसंपर्क म्हणजे पगार घेऊन केलेली चमकोगिरी, आणि विद्यापीठाने असल्या धंद्याला पदवीचं कुंकू लावू नये. यंदा हा वाद मी समोर बसून ऐकला. दोन तास चालला. दोन्हीकडची माणसं माझ्या जवळची, कळकळीने बोलणारी. पण त्या दोन तासांत जनसंपर्क या शब्दातल्या 'जना'चा उल्लेख कुणी केला नाही. जनसंपर्क म्हणजे बोलणं, हे दोघांनीही गृहीत धरलं होतं. एकांना ते छान बोलायला शिकवायचं होतं, दुसऱ्यांना ते खोटं बोलणं वाटत होतं, एवढाच काय तो फरक.

माझं म्हणणं सरळ आहे. जनसंपर्काचं पहिलं काम ऐकण्याचं आहे. लोक काय म्हणतात ते ऐकायचं, ते जसंच्या तसं संस्थेच्या आत, खुर्चीपर्यंत न्यायचं, तिथून उत्तर मिळवायचं आणि मग ते लोकांच्या भाषेत बाहेर आणायचं. बोलणं येतं ते सगळ्यात शेवटी. हे शिकवता येतं, शिकवलंच पाहिजे, आणि ते शिकायला मराठवाड्याइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

हे मला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका साखर कारखान्यात जनसंपर्काच्या नोकरीला लागलो. पहिलाच गाळप हंगाम. उसाचं बिल थकलं. कायदा असा की ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराने, पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच तसं आहे. आमच्याकडे दीड महिना उलटून गेला होता. वरून सांगणं आलं, एक प्रेसनोट काढा. मी काढली: 'काही तांत्रिक अडचणींमुळे ऊस बिल वितरणास विलंब होत असून लवकरच रक्कम संबंधितांच्या खात्यावर वर्ग करण्यात येईल.' वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. सगळ्या पेपरांत छापून आलं, मला शाबासकीही मिळाली. चार दिवसांनी एक शेतकरी कारखान्याच्या गट ऑफिसात, म्हणजे आसपासच्या गावांसाठीच्या शाखेत, आले. साठीच्या पुढचे, डोक्याला टॉवेल. शर्टाच्या वरच्या खिशातून त्यांनी ते कात्रण काढलं. वजनकाट्याच्या पावत्यांच्या मधोमध, रबर लावून नीट ठेवलेलं. घडी उलगडून माझ्यासमोर धरलं, 'तांत्रिक' या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "तांत्रिक अडचण म्हंजी काय, साहेब? मशीन बिघडली का?"

त्यांच्या विचारण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सोसायटीचं कर्ज, मुलीचं लग्न, पुढच्या लागवडीचं बेणं, सगळं त्या बिलावर होतं. मशीन बिघडली असेल तर दुरुस्त किती दिवसांत होईल, इतकाच त्यांचा हिशेब. आणि मला उत्तर येत नव्हतं, कारण आत काय चाललंय ते मी विचारलंच नव्हतं. साखर विकली गेली नव्हती की बँकेने उचल अडवली होती, की आणखी काही, हे लिहिणाऱ्यालाच माहीत नव्हतं. मी त्यांना चहा दिला. तो त्यांनी घेतला, कात्रणाची पुन्हा घडी केली, खिशात ठेवलं आणि गेले. माझी प्रेसनोट खोटी नव्हती असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिलो. पण त्या माणसाला ज्या एका गोष्टीची गरज होती, ती तारीख, तिच्यात नव्हती. मग ती लिहिली कुणासाठी होती?

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेतो. ते म्हणतात, हा व्यवसाय जन्माला आला तोच सत्ता आणि पैसा यांच्या सेवेला. हे खोटं नाही, आणि पोरांपासून लपवण्याचं तर काहीच कारण नाही. अमेरिकेतले आयव्ही ली या क्षेत्राचे मूळपुरुष मानले जातात. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या कामाची तत्त्वं जाहीर केली: आम्ही गुपचूप काम करणार नाही, अचूक माहिती देऊ, पत्रकारांना खातरजमा करायला मदत करू. त्याच वर्षी ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासच्या वर माणसं गेली, तेव्हा रेल्वे कंपनीने अपघात झाकावा हा रिवाज मोडून ली यांनी पत्रकारांना घटनास्थळी नेलं. आणि हेच ली १९१४ च्या लडलो हत्याकांडानंतर, जिथे खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार होऊन बायका-मुलं मेली, तिथे मालक असलेल्या रॉकफेलर घराण्याची बाजू मांडायला उभे राहिले. एडवर्ड बर्नेस यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तरुणींच्या हाती सिगारेट देऊन तिला स्वातंत्र्याची मशाल म्हटलं. पैसे तंबाखू कंपनीचे. हा इतिहास मी स्वतः वर्गात सांगतो. पहिल्याच आठवड्यात सांगतो.

पण यातून 'म्हणून शिकवू नका' हे कसं निघतं? विद्यापीठाने शिकवलं नाही म्हणून हे काम व्हायचं थांबतं का? प्रत्येक तालुक्याच्या चौकात फ्लेक्स लागतच आहेत. प्रत्येक पुढाऱ्याचा एक पोरगा ग्रुपवर फोटो टाकतोच आहे. प्रत्येक खासगी दवाखान्याचा, बँकेचा, कंपनीचा कुणीतरी माणूस वार्ताहराला फोन करतोच आहे. फरक इतकाच की त्यातल्या बहुतेकांना 'लडलो' माहीत नाही, आणि आपण जे करतोय त्याला काही मर्यादा आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आपल्या देशात १९६८ साली जनसंपर्क व्यावसायिकांनी दिल्लीच्या परिषदेत स्वतःसाठी आचारसंहिता स्वीकारली. आमच्या किती विद्यार्थ्यांनी ती वाचली आहे? आणि एक उलट प्रश्नही विचारायला हवा: न सांगण्याची किंमत कोण मोजतं? भोपाळला ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटे युनियन कार्बाइड कंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू पसरला, तेव्हा त्या कारखान्यात काय साठवलेलं आहे हे भोवतालच्या वस्तीला धड माहीत नव्हतं. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढं सांगणारंही कुणी नव्हतं. तिथे कंपनीच्या बाजूने कमी बोललं गेलं याचा आनंद मानायचा का? जिवाशी गाठ असते तेव्हा माहिती वेळेवर न देणं हासुद्धा गुन्हाच असतो, आणि माहिती वेळेवर, कळेल अशी देणं हे कसब आहे. कसब शिकावं लागतं.

परदेशातली उदाहरणं बाजूला ठेवू. आपल्याच मातीतलं एक उदाहरण आहे आणि त्याच्याकडे आपल्याच अभ्यासक्रमाचं लक्ष नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट. चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगडी भिंती, मातीचा गिलावा, वर माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याची, टनावारी माती. माणसं झोपेत गाडली गेली. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्याच्या सुमारास, त्याच परिसराला लहान-मोठे धक्के बसत होते. लोक घाबरून बाहेर झोपत होते आणि मग हळूहळू पुन्हा घरात गेले. त्या वर्षभरात, ज्या घरात आपण झोपतो ते घरच धोक्याचं आहे, माळवदावरची माती थोडी उतरवली तरी जीव वाचू शकतो, हे गावातल्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणारा माणूस गावात का नव्हता? मी यासाठी कुण्या एका अधिकाऱ्याला बोल लावत नाही. असा माणूस असावा लागतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

भूकंपानंतर मात्र तो माणूस निर्माण झाला, आणि तो माणूस म्हणजे बाई होती. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, पण त्याहून कितीतरी अधिक गावांत घरं पडली नव्हती, तडकली होती. तिथे सरकार हप्त्याने पैसे देणार आणि घरमालकाने स्वतः दुरुस्ती-मजबुतीकरण करायचं, अशी योजना होती. पैसे कुणाला, किती, कोणत्या टप्प्यावर? भिंतीत आरपार जाणारे दगड का बसवायचे? खांब कुठे? हे कळल्याशिवाय माणूस पुन्हा त्याच जुन्या पद्धतीने भिंत रचणार. अभियंत्याची भाषा गावाला कळेना, गावाची शंका अभियंत्यापर्यंत जाईना. तेव्हा 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या शेकडो गावांत 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. महिला मंडळांतल्या, गावातल्याच बायका. त्यांनी योजनेची माहिती घरोघर नेली, आणि घराघरांतल्या तक्रारी अधिकाऱ्यांसमोर मांडल्या.

माझी आत्या औसा तालुक्यातल्या एका गावात राहते. त्या दिवसांचं ती सांगते: "ती बाई सकाळी यायची, चुलीपाशी बसायची. म्या म्हनलं, बाई, आमच्या नवऱ्याला तर साहेब बोलूच देत न्हाईत. ती म्हनली, तुमी मला सांगा, म्या सांगते." आत्याच्या घराची एक भिंत पाहणीत चुकून 'ठीक' लिहिली गेली होती. त्या बाईने ते आत कळवलं, पुन्हा पाहणी झाली, कागद दुरुस्त झाला. आत्याला जनसंपर्क हा शब्दही माहीत नाही. पण 'तुमी मला सांगा, म्या सांगते' या पाच शब्दांत जे आहे, ते मी वर्षभर फळ्यावर आकृत्या काढून सांगतो. पाठ्यपुस्तकात त्याला दुतर्फी समतोल संवाद म्हणतात. ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांनी १९८४ मध्ये जनसंपर्काचे चार नमुने मांडले, त्यातला हा चौथा आणि सर्वांत अवघड. आमची पोरं ती व्याख्या पाठ करतात आणि उदाहरण म्हणून अमेरिकन कंपनीचं नाव लिहितात. लिहिणाऱ्या मुलीचं गाव किल्लारीहून वीस किलोमीटरवर असतं.

इथे कुणी म्हणेल, ते मदतकार्य होतं, त्याला जनसंपर्क कसं म्हणता? मी विचारतो, का म्हणू नये? संस्था आहे, लोक आहेत, दोघांमध्ये अविश्वास आहे, आणि तो कमी करण्यासाठी दोन्हीकडे ये-जा करणारं माणूस आहे. आणखी काय लागतं? समृद्धी महामार्गाच्या वेळीही हेच झालं. जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्यासाठी शेतकऱ्यांनी जमीन द्यायला विरोध केला, तेव्हा रस्ते विकास महामंडळाला गावोगाव 'संवादक' नेमावे लागले. शेवटी मोबदल्याच्या आकड्यानेच बहुतेकांचं मन वळलं हे मलाही मान्य आहे. पण आकडा काय, कशावर, विहिरीचे वेगळे की नाही, मोसंबीच्या झाडाचे किती, बहिणींच्या सह्या का लागतात, हे बांधावर उभं राहून कुणीतरी सांगावंच लागलं.

आता नोकरीचा मुद्दा. तो हलका नाही. बापाने शेत गहाण टाकून फी भरलेली असते, आणि त्याला तत्त्वज्ञान नको असतं, पोराला पगार हवा असतो. इंग्रजी यायला हवं, यात वाद नाही. ज्याला ते येत नाही त्याला मुलाखतीत दारातूनच परत पाठवतात, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलंय आणि त्याचा मला त्रास होतो. फोटो नीट काढता यावा, व्हिडिओ कापता यावा, तक्ता करता यावा, हेही खरं. शिकवा, जरूर शिकवा. पण इंग्रजी हे एका भाषेतलं बोलणं झालं. मग बोलायला काही हवं ना? ज्या कंपन्या मराठवाड्यात बियाणं विकतात, कर्ज देतात, सौर प्रकल्पासाठी जमीन घेतात, दवाखाने चालवतात, त्यांना पुण्यात बसून घाटनांदूरच्या माणसाचं मन कळत नाही. तिथे आमचा विद्यार्थी जी गोष्ट जन्मापासून जाणतो, तिची किंमत आम्ही त्याला कधी सांगितली का? उलट पहिल्या दिवसापासून आपण त्याला त्याच्या बोलीची लाज वाटायला लावतो. 'का' ऐवजी 'काहून' म्हटलं की वर्गात हसतात. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात वेदान्त सांगायचा ठरवला तेव्हा वासुदेव, जोशी, गोंधळी यांची रूपं घेतली, कारण लोक ज्यांचं ऐकायला आधीच थांबत होते ती ही माणसं होती. संस्कृत त्यांना येत नव्हती म्हणून नव्हे. त्यांना दोन्ही येत होतं, आणि कुठे कोणतं वापरायचं तेही कळत होतं. पोरांना दोन्ही येऊ द्या.

याच भूमीने उलटं उदाहरणही पाहिलं आहे. निजामाच्या राज्यात दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू, रयतेतल्या बहुसंख्यांची मराठी, तेलुगू, कानडी. त्यावर गश्ती क्रमांक ५३, म्हणजे सरकारी फर्मान, आली: परवानगीशिवाय सभा नाही. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं ते पुण्याहून, आणि बंदी आली की नाव बदलून पुन्हा काढत राहिले. सभा बंद, पेपर बंद. सरकारला वाटलं शांतता झाली. लोकांचं तोंड बांधणाऱ्या दोरीने सरकारचे कानही बांधले जातात, हे कळायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. हैदराबादच्या पाडावाची कारणं अनेक आहेत, सगळा भार मी यावर टाकत नाही. पण आपल्याला नावं ठेवणारा आवाज बंद झाला म्हणजे प्रश्न मिटला, ही समजूत आजही कुठल्या कुठल्या ऑफिसात जिवंत आहे, ते मी रोज पाहतो. तक्रारपेटीचं कुलूप गंजलेलं असतं आणि साहेब अभिमानाने सांगतात, आमच्याकडे एकही तक्रार नाही.

२०१६ चा लातूरचा उन्हाळा आठवतो का? मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावावं लागलं, जमावबंदी. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. साऱ्या देशाने ते चित्र पाहिलं. १४४ लावण्यामागे प्रशासनाची भीती खरी होती; टाक्यांवर हाणामाऱ्या होत होत्या. पण हाणामारी पाणी कमी होतं म्हणूनच होत होती का? मी तेव्हा लातुरात एका नातेवाइकांकडे आठ दिवस होतो. त्यांच्या गल्लीत टँकर कधी येईल हे कुणालाच माहीत नसायचं. बायका रात्री दोनला घागरी लावून बसायच्या, चुकलं तर पुढचे आठ-दहा दिवस गेले. भांडण व्हायचं ते या माहीत नसण्यातून. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने टँकरवाल्याचा नंबर मिळवला. तो रोज संध्याकाळी फोन करायचा आणि दुकानाच्या भिंतीवर कोळशाने लिहायचा: गल्लीचं नाव, वार, अंदाजे वेळ, किती घागरी. गाडी फसली की लिहिलेलं पुसून नवं लिहायचा आणि शेजारी कारण: 'विहीर आटली', 'डिझेल नाही'. पाण्याचा एक थेंबही वाढला नाही, पण तिसऱ्या दिवसापासून त्या गल्लीतलं भांडण थांबलं. बायका रात्री झोपू लागल्या.

त्या भिंतीकडे मी पुन्हा पुन्हा पाहायचो. 'तांत्रिक अडचण' कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून आता मी विद्यार्थ्यांना पहिला सराव देतो तो पाण्याचाच. गावात पाइपलाइन फुटली आहे, नगरपरिषदेची प्रेसनोट लिहा. नव्वद टक्के कागदांवर सुरुवात अशी असते: 'शहरास पाणीपुरवठा करणाऱ्या मुख्य जलवाहिनीवरील दुरुस्तीच्या कामाच्या अनुषंगाने, मा. नगराध्यक्ष यांच्या मार्गदर्शनाखाली...' मी तो परिच्छेद खोडतो आणि विचारतो, तुझी आई हे वाचून हंडा आज भरेल की उद्या? मग हळूहळू होतं: 'प्रभाग ४ आणि ५ मध्ये शुक्रवारी नळाला पाणी येणार नाही. रविवारी सकाळी ६ ते ८ येईल. दवाखाना आणि शाळेसाठी टँकर शनिवारी ११ वाजता. पाणी आलं नाही तर या नंबरवर फोन करा.' चार वाक्यं. पण ही चार वाक्यं लिहायला पोराला पाणीपुरवठा विभागात जाऊन फिटरला भेटावं लागतं, जोड कधी सुकेल ते विचारावं लागतं, आणि तो फोन उचलणार कोण, हे मुख्याधिकाऱ्यांकडून वदवून घ्यावं लागतं. प्रेसनोटीचं खरं काम ते आहे. लिहायला दहा मिनिटं लागतात. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. त्याचं कलम ४ सांगतं की कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने आपणहून माहिती खुली करावी. विद्यार्थ्याने ते कलम तोंडपाठ करावं आणि आपल्या तालुक्यातल्या एका कार्यालयाचा फलक त्याच्याशी ताडून पाहावा. आठ दिवसांत जनसंपर्काचं निम्मं शास्त्र कळेल.

पत्रकारांशी वागण्याबद्दल फार लिहीत नाही, पण एक सांगतो. पत्रकार परिषदेत पाकीट द्यायचं नाही. कधीच नाही, 'सगळेच देतात' म्हणूनही नाही. तालुक्याच्या वार्ताहराला त्याची पानं लागायच्या आत पुरी माहिती द्या, चूक झाली तर रात्री अकरालाही फोन करून सांगा. तो तुमचं नाव वर्षानुवर्षं विसरणार नाही. समाजमाध्यमांचंही तसंच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षुकांना ठेचून मारलं. अफवा फोनवरून फिरत होती. तिला उत्तर द्यायला एखादी सुंदर पोस्ट पुरली असती का? ज्याच्या शब्दावर गाव थांबतं असा माणूस आधीपासून गावाशी जोडलेला असावा लागतो. तो आयत्या वेळी डाउनलोड होत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि मला तोच सगळ्यात खरा वाटतो. माझेच जुने विद्यार्थी तो घेतात. म्हणतात, सर, तुम्ही ऐकायला शिकवता, पण वरच्यांना ऐकायचंच नसतं; खरं सांगायला गेलं तर नोकरी जाते. मी काय उत्तर देऊ? मी स्वतः त्या हंगामात गप्पच बसलो होतो. पुढच्या हंगामात धीर केला. गट ऑफिसांतून आलेले प्रश्न एका वहीत, तारीखवार, शब्द न बदलता लिहायला लागलो आणि दर सोमवारी ती वही संचालकांच्या टेबलावर ठेवायला लागलो. पहिले तीन सोमवार कुणी उघडली नाही. चौथ्या सोमवारी एका संचालकांनी मोजलं: एकाच आठवड्यात ६१ जणांनी एकच प्रश्न विचारला होता, 'तारीख सांगा'. त्या वर्षी पहिल्यांदा आम्ही गटवार तारखा जाहीर केल्या. दोन गटांच्या तारखा चुकल्या, ते आम्ही आदल्या दिवशी कळवलं. लोक चिडले, पण ऊस दुसऱ्या कारखान्याला गेला नाही. वरच्यांना ऐकायचं नसतं हे बरेचदा खरं आहे. पण 'लोक नाराज आहेत' हे ऐकणं आणि ६१ हा आकडा वाचणं यात फरक पडतो. २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या तेव्हा कंपनीने आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. विक्री घसरली आणि मग २००४ च्या सुरुवातीला वेष्टनच बदललं, अमिताभ बच्चन यांनी जाहिरातीत येऊन भरवसा दिला. जाहिरात सगळ्यांना आठवते. वेष्टन न बदलता ती जाहिरात टिकली असती का? आत काहीतरी बदलायला लावणारी माहिती आत नेणं, तीही नोकरी सांभाळून, हे कौशल्य आहे. ते हिंमतीवर सोडून चालणार नाही. वही कशी ठेवायची, आकडा कसा मांडायचा, कुणासमोर आधी मांडायचा, लेखी कधी द्यायचं, हे सगळं शिकवण्याजोगं आहे. आणि कुठे थांबून राजीनामा द्यायचा, हेही एका तासाला बोललं पाहिजे.

गेल्या वर्षी मी परीक्षेचा एक प्रकल्प बदलला. कंपनीचा ब्रँड निवडा, याऐवजी आपापल्या गावच्या ग्रामसभेला जा आणि विचारले गेलेले सगळे प्रश्न लिहून आणा, असं सांगितलं. जालना जिल्ह्यातली एक मुलगी १७ प्रश्न घेऊन आली. त्यातले चौदा सभेतच विरून गेले होते. मी म्हटलं, यातला एक घे आणि त्याचं उत्तर आण. तिने घेतला तो एका विधवा बाईचा: घरकुलाचा पुढचा हप्ता का अडकला? ग्रामसेवक म्हणाले, पंचायत समितीत विचार. तिथे दोनदा जाऊन कळलं की जोत्याचा फोटो ऑनलाइन चढलेलाच नाही, आणि तो काढायला अभियंता बुधवारी त्या भागात येणार आहे. मुलीने ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिलं. मग तिच्या लक्षात आलं की त्या बाईंना वाचता येत नाही. तेव्हा ती त्यांच्या घरी गेली, सगळं सांगितलं, आणि बुधवारी मजुरीला न जाता घरी थांबायला सांगून शेवटच्या एसटीने परत आली.